एका सकाळची साक्ष

मे महिन्याच्या अखेरीस बामणोलीकडून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलेला प्रवासी जेव्हा आपल्या हातातील जीपीएस यंत्राचा पडदा चालू करतो आणि घरून निघण्यापूर्वी त्यात भरून आणलेले उपग्रहाचे छायाचित्र न्याहाळू लागतो, तेव्हा पुष्कळदा त्याला असे आढळते की आपले पाय तर कोरड्या, उन्हाने तडकलेल्या गाळावर रोवलेले आहेत, पण पडद्यावरचा बाण मात्र गर्द निळ्या पाण्यात, काठापासून चांगला दूर, निश्चल उभा आहे. अशा वेळी यंत्र बिघडले, असे मानण्याकडे मनाचा पहिला कल होतो. परंतु यंत्र बिघडलेले नसते, आणि छायाचित्रही खोटे नसते. सुमारे १०५ टीएमसी पाणी पोटात घेणारा कोयनेचा हा जलाशय पावसाळा संपता संपता काठोकाठ भरतो आणि वीज व शेती यांच्यासाठी पाणी सोडत सोडत उन्हाळ्यात खोल खाली जातो. उपग्रहाने तो टिपला तेव्हा हिवाळ्याचा आरंभ होता, आणि प्रवासी तेथे पोहोचला तो उन्हाळ्याच्या शेवटी. दोन्ही साक्षी खऱ्या, पण त्यांच्या तारखा वेगळ्या.

उपग्रह-छायाचित्राची गुणवत्ता म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार करताना हा निळ्या पाण्यातला बाण मी सतत डोळ्यांपुढे ठेवतो. कारण गुणवत्ता म्हटली की बहुतेक लोक एकच आकडा विचारतात : एका चित्रबिंदूत, म्हणजे पिक्सेलमध्ये, जमिनीचा किती भाग मावतो? आकड्याचे हे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण गेल्या अर्धशतकाची प्रगती त्या आकड्यातच सर्वांत ठळकपणे दिसते. १९७२ साली अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या लँडसॅटच्या एका बिंदूत सुमारे ८० मीटर लांबीरुंदीची जमीन सामावत असे. १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झालेल्या आपल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांत हा आकडा अनुक्रमे ७२.५ आणि ३६.२५ मीटर होता. १९९५ च्या आयआरएस-१सी ने तो ५.८ मीटरांवर आणला, २००५ च्या कार्टोसॅट-१ ने २.५ मीटरांवर, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ ने तर पाव मीटराच्या आसपास. परदेशात १९९९ च्या इकोनॉसपासूनच एक मीटरची चित्रे पैसे मोजून कोणालाही मिळू लागली होती. आरंभी पाझर तलावही जेमतेम ओळखू येई, तेथे आता शेताच्या बांधावरचे एकटे झाड आणि त्याची सावली वेगवेगळी मोजता येतात.

हातात मावणाऱ्या यंत्राची वाटचाल याच काळात, पण निराळ्या मार्गाने झाली. मॅगेलन कंपनीचे पहिले हस्तयंत्र १९८९ साली बाजारात आले, तेव्हा ते अक्षांश-रेखांशाचे आकडे सांगण्यापलीकडे फारसे काही दाखवीत नव्हते. त्यातच अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळीत असलेल्या त्रुटीमुळे ते आकडेही शंभर मीटरपर्यंत चुकू शकत. ती मिसळ मे २००० मध्ये बंद झाली आणि हे यंत्र डोंगरात खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागले. पडद्यावर रेषांचे नकाशे त्याआधीच येऊ लागले होते. गार्मिन कंपनीने २००९ साली वापरणाऱ्याला स्वतःचा नकाशा किंवा चित्र यंत्रात भरण्याची सोय दिली, पुढच्याच वर्षी उपग्रह-छायाचित्रे पुरविण्याची सेवा सुरू केली, आणि तेव्हापासून ‘यंत्रातले चित्र किती स्पष्ट?’ हा प्रश्न डोंगरभटक्यांच्या तोंडी आला.

येथे थोडे गणित करणे अगत्याचे आहे. त्या पिढीतील अनेक यंत्रांत स्वतःचे चित्र भरावयाचे तर त्याचे प्रत्येकी सुमारे दहा लाख बिंदूंचे, म्हणजे १०२४ गुणिले १०२४ चे, तुकडे करावे लागत, आणि असे शंभरच तुकडे यंत्र मान्य करी. अर्ध्या मीटरचा एक बिंदू धरला तर एक तुकडा ५१२ मीटर लांबीरुंदीचा होतो, आणि शंभर तुकड्यांत पाच किलोमीटरांपेक्षा किंचित मोठ्या बाजूचा एक चौरस मावतो. वासोटा, नागेश्वर आणि त्यांच्या भोवतालची रानवाट एवढ्यात कशीबशी बसते. पण सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, ज्याचे क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आहे, तो याच स्पष्टतेने भरावयाचा तर चव्वेचाळीसशेच्या आसपास तुकडे लागतील. म्हणून मनुष्य तडजोड करतो, म्हणजे एका बिंदूत अधिक जमीन कोंबतो, आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या पडद्यावर सुरेख दिसलेले चित्र डोंगरात गेल्यावर पुसट निघते. नव्या यंत्रांत साठवण पुष्कळ वाढली आहे, तरी पडद्याचे माप फारसे वाढलेले नाही. २४० गुणिले ४०० बिंदूंच्या पडद्यावर अर्ध्या मीटरचे चित्र बिंदूला बिंदू जुळवून पाहिले तर जेमतेम १२० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब एवढीच भूमी दिसते. दोन किलोमीटरांची वाट एका दृष्टिक्षेपात पाहू म्हटले की पडद्याचा एकेक बिंदू पाच मीटरांचा होतो, आणि मोठ्या कष्टाने साठविलेला अर्ध्या मीटरचा तपशील वाया जातो.

शिवाय हे पडदे मोबाइलच्या पडद्यासारखे स्वतःच्या तेजाने झळकणारे नसतात. भर उन्हात वाचता यावेत आणि दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालावेत म्हणून ते बाहेरून पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित करून आकृती दाखवितात. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळ्या-तपकिरी रेषांना ही व्यवस्था फार मानवते. पण जावळीच्या दाट, काळपट हिरव्या अरण्याचे छायाचित्र त्यावर आणले की सगळाच पडदा काजळल्यासारखा होतो. यंत्रातील उजेड वाढविला तर सेल लवकर संपतात. रेषांच्या नकाशाची जागा छायाचित्र घेऊ शकत नाही, असे माझे मत बनले त्याचे पहिले कारण हे, अगदी व्यावहारिक, आहे.

परंतु खरी अडचण पडद्याची नाही, डोंगराची आहे. भूनिरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात, कारण तेव्हा हवा बरीच स्वच्छ असते आणि सावल्या फार लांब नसतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत साताऱ्याचा पश्चिम भाग ढगांखाली गाडलेला असतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि ढगाआड पाहू शकणाऱ्या रडार-उपग्रहांची चित्रे सामान्य डोळ्यांना उलगडत नाहीत. म्हणून यंत्रात येणारी चित्रे बहुधा हिवाळ्यातील असतात. आता डिसेंबरात, साडेदहाच्या सुमारास, आपल्या अक्षांशावर सूर्य दक्षिणेच्या थोडा पूर्वेला आणि क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर असतो. म्हणजे सावली वायव्य-उत्तरेच्या बाजूस पडते, आणि तिची लांबी कड्याच्या उंचीपेक्षाही किंचित अधिक भरते. सह्याद्रीचे तुटलेले कडे तर कोकणाकडे, पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. याचा परिणाम असा होतो की वासोट्याच्या बाबुकड्यासारखे ठिकाण, जेथे कडा कोठे सुरू होतो आणि पदर कोठे लागतो हे जाणण्यावर मनुष्याचे प्राण अवलंबून असतात, नेमके तेच ठिकाण छायाचित्रात काळ्या पट्ट्याखाली झाकलेले असते. त्या पट्ट्यात एका बिंदूत अर्धा मीटर मावतो की पाव मीटर, याला काहीच अर्थ उरत नाही.

सावलीचा दुसरा एक खेळ याहून घातक आहे. आपला डोळा, प्रकाश वरून येतो, असे जन्मापासून गृहीत धरीत आलेला आहे. नकाशात उत्तर वर असते आणि सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे पडद्याच्या खालच्या बाजूने, प्रकाश टाकतो. या विरोधामुळे पुष्कळ जणांना चित्रातील दऱ्या डोंगरधारांसारख्या उंचावलेल्या दिसतात आणि धारा दऱ्यांसारख्या खचलेल्या. कोयनेच्या खोऱ्यातील सोंडांचे चित्र पाहताना हा भ्रम फार लवकर होतो, आणि एकदा झाला की जाणकारालाही तो झटकणे जड जाते. त्यावर साधा उपाय असा, की चित्रात प्रथम पाणी शोधावे. ओढ्याची वाट सापडली की खोलगट बाजू कोणती हे निश्चित होते, आणि चित्र आपोआप सुलटे दिसू लागते.

चित्र सुलटे दिसले तरी ते आपल्या जागेवर बसलेले असतेच असे नाही. उपग्रह नेहमी सरळ खाली पाहत नाही. पुष्कळदा तो वीस-पंचवीस अंश कलून पाहतो, आणि मग उंच जागा चित्रात आपल्या खऱ्या स्थानापासून बाजूला सरकतात. हा दोष दूर करण्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या उंचीची अंकीय नोंद वापरून चित्र ताणूनओढून सपाट नकाशावर बसवितात. पण ती नोंदच चुकली तर? वीस अंश कललेल्या दृष्टीला ३० मीटर उंचीची चूक जमिनीवर सुमारे ११ मीटरांची चूक होऊन भोवते, आणि १०० मीटरांची चूक ३६ मीटरांची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत जगातील बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली, आणि त्या मोजणीवर पुढची कितीतरी चित्रे बसविली गेली. तथापि रडारच्या तिरप्या किरणांना उभे कडे फार अवघड जातात. काही भाग किरणांच्या सावलीत राहतो, काही भाग एकमेकांवर चढतो, आणि तेथील पोकळ्या मागाहून अंदाजाने भराव्या लागतात. आपल्या कार्टोसॅट-१ ने मात्र एक कॅमेरा पुढे २६ अंश आणि दुसरा मागे ५ अंश रोखून एकाच प्रदेशाची दोन चित्रे घेतली, आणि मनुष्याचे दोन डोळे जसा खोलीचा अंदाज घेतात तसा त्यांवरून उंचीचा आराखडा सिद्ध केला. त्याच्यामागची कल्पना मला नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे.

यंत्रातील चित्र किती सरकलेले आहे, हे ज्याला स्वतः ताडून पाहावयाचे असेल त्याला सातारा जिल्ह्याने एक अपूर्व सोय करून ठेवली आहे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर आणि तसेच पाटणच्या बाजूस वनकुसवड्याला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. चांगल्या छायाचित्रात चक्कीचा खांब, त्याचे पाते आणि जमिनीवर पडलेली लांब सावली स्पष्ट दिसते. खांबाचा माथा उपग्रहाच्या तिरप्या दृष्टीमुळे एका बाजूला झुकलेला दिसतो; पण खांबाचा पाया, म्हणजे सावलीची सुरुवात जेथे होते तो बिंदू, जमिनीच्या पातळीवर असल्याने खरा असतो. त्या पायापाशी यंत्र घेऊन पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे, आणि पडद्यावरील बाण चित्रातील पायापासून किती आणि कोणत्या दिशेला दिसतो ते टिपून घ्यावे. अशा तीन-चार चक्क्यांपाशी अंतर आणि दिशा सारखीच आली तर दोष चित्राचा. दर वेळी निराळी आली तर दोष संकेतांचा. पठार मोकळे आहे, आकाश चहूबाजूंनी उघडे आहे, म्हणून ही परीक्षा तेथे विश्वसनीय ठरते. देवळाचा चौथरा किंवा दोन रस्त्यांची फुली हेही चालते, पण चक्कीइतके निःसंदिग्ध चिन्ह मला दुसरे ठाऊक नाही.

संकेतांचा दोष हे स्वतंत्र प्रकरण होईल, म्हणून येथे थोडक्यातच सांगतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले म्हणजे यंत्र आपले स्थान ठरविते. मोकळ्या माळावर ही चूक काही मीटरांतच राहते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची ‘गगन’ ही दुरुस्ती-व्यवस्था ज्या यंत्रांना स्वीकारता येते त्यांत ती आणखी घटते, आणि २०१३ पासून उभारलेल्या आपल्या ‘नाविक’ उपग्रहमालेने आकाशातील साक्षीदारांत भर टाकली आहे. पण कड्याच्या नाळेत शिरले की आकाशाची केवळ एक चिंचोळी फीत उरते, संकेत कातळावर आपटून उशिरा पोहोचतात, आणि पडद्यावरचा बाण उभ्या जागी भरकटू लागतो. त्यात चित्र सरकलेले असले तर दोन चुकांची बेरीज होते, आणि नाळेत उभा असलेला मनुष्य चित्रात कड्याच्या माथ्यावर दिसतो. याखेरीज जुन्या नकाशांची मोजणी १८३० च्या एव्हरेस्ट-गोलाभावर आधारलेली आहे, तर जीपीएस आपले आकडे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक गोलाभावर देते. यंत्रात चुकीची पद्धत निवडलेली राहिली तर साताऱ्याच्या मुलखात स्थान शंभर मीटरांहून अधिक हलते. डोंगरवाटेवर शंभर मीटर म्हणजे कधी कधी एक संपूर्ण दरी.

इथवरचे विवेचन वाचून, छायाचित्र निरुपयोगी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सह्याद्रीची धार मागे टाकून पूर्वेकडे, माण-खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या मुलखात उतरले की सारा प्रकार पालटतो. जेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास घुटमळतो, माळावर गवत आणि बाभळीखेरीज आच्छादन नाही आणि डोंगर बुटके आहेत, तेथे छायाचित्रासारखा सोबती नाही. दीड फुटी ढोरवाट बिंदूपेक्षा अरुंद असूनही दिसते, कारण तुडविलेली माती भोवतालच्या गवतापेक्षा उजळ असते आणि त्या उजेडाने अख्खा बिंदू उजळतो. ओढ्याकाठची झाडी, विहिरीची वर्तुळे, मेंढरांच्या वाड्याचा काळपट डाग, हे सारे चित्रात वाचता येते. सांगली जिल्ह्यातील दंडोबाच्या डोंगरावर किंवा सागरेश्वराच्या टेकड्यांत नवशिक्याने हे वाचन शिकावे आणि मगच पश्चिमेची वाट धरावी, असे मी आग्रहाने म्हणेन. पश्चिमेकडच्या रानात तीच पाऊलवाट कारवीच्या, जांभळी-हिरड्याच्या छताखालून जाते, आणि जे छताखाली आहे ते वरून पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही, मग त्याचा कॅमेरा कितीही सूक्ष्मदर्शी असो.

पूर्वेकडेही तारखेचा प्रश्न सुटत नाहीच, उलट अधिक वेधक होतो. टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेले, म्हैसाळच्या योजनेने ते कवठेमहांकाळ आणि जतच्या दिशेने नेले, आणि ज्या माळाची जुनी चित्रे एकरंगी तपकिरी होती त्यांच्या नव्या चित्रांत कालव्याची सरळ रेघ, शेततळ्यांचे निळे-काळे चौकोन आणि द्राक्षबागांच्या दाट रांगा उमटल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीचे चित्र घेऊन निघालेल्याला मोकळी वाट म्हणून दाखविलेल्या जागी कुंपण लागते, आणि कालवा ओलांडण्यासाठी पूल शोधीत मैलभर हिंडावे लागते. चित्रावर छापलेले साल बहुधा ते प्रसिद्ध झाल्याचे असते. ते टिपल्याचा ऋतू मात्र चित्रातच, पाण्याच्या रेघेत, पिकांच्या रंगात आणि सावलीच्या लांबीत लिहिलेला असतो, आणि थोड्या सरावाने तो कोणालाही वाचता येतो.

म्हणून पश्चिमेच्या डोंगरात जाणाऱ्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा, ज्याला भटके टोपोशीट म्हणतात, तो सोडू नये. ७४ अंश पूर्व रेखांश सातारा शहराला जवळजवळ लगटून जातो. त्याच्या पश्चिमेचा कोयना-चांदोलीचा प्रदेश ४७-जी या पत्र-समूहात येतो, सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग ४७-के मध्ये, आणि सांगली शहर ४७-एल मध्ये. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर निघू लागले, २०१७ पासून ते संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवान्यांची कटकट दूर केली. या नकाशात वीस-वीस मीटरांच्या समोच्चरेषा असतात. त्या एकमेकींना खेटल्या की कडा आहे हे उमगते, सावली असो वा नसो. अर्थात दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरांचा कातळ दडून राहू शकतो, आणि तो नकाशा सांगत नाही. तो कातळ दाखविण्याचे काम, ऊन त्याच्यावर पडले असेल तर, छायाचित्र करते. पारदर्शक समोच्चरेषा छायाचित्रावर चढवून दोन्ही एकत्र पाहण्याची सोय आता बहुतेक यंत्रांत आणि मोबाइलमध्ये आहे, आणि माझ्या मते छायाचित्राच्या गुणवत्तेत सर्वांत मोठी भर कॅमेऱ्याने नव्हे, तर या चढवलेल्या रेषांनी घातली आहे.

या एकत्र पाहण्याने काय हाती लागते याचा दाखला चांदोलीच्या रानात मिळतो. २००४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या अरण्यातील गावे उठवून अन्यत्र वसविण्यात आली. जुन्या नकाशाच्या दफ्तरात त्यांची नावे, देवळाची खूण आणि गावाला जाणारी तुटक रेषा अजून नमूद आहे. शिराळ्याच्या बाजूने झोळंबीच्या सड्याकडे परवाना घेऊन जाणाऱ्या मनुष्याला जमिनीवर त्या गावांतले फारसे काही दिसत नाही. गवत छातीभर वाढलेले असते, गवे चरून गेलेल्या खुणा असतात आणि मळलेली वाट रानाने परत घेतलेली असते. पण हिवाळ्यातल्या छायाचित्रात, सकाळच्या तिरप्या उन्हात, उतारावरच्या भातखाचरांचे बांध एकाखाली एक असे बारीक सावल्यांनी उठून दिसतात. आजूबाजूच्या काळ्या रानात तो फिकट, गवताळ तुकडा वेगळा पडतो, आणि नकाशातले नाव त्याच्यावर बरोबर येऊन बसते.